स्टीम टेबल, जातं आणि बाबांची कॉफी

'एस्प्रेसो' म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर काय येतं? माझ्या डोळ्यासमोर लग्नाचं रिसेप्शन येतं. आइस्क्रीमच्या काउंटरशेजारी ते पितळी-स्टीलचं मशीन, त्याच्यामागे घामाघूम झालेले एक काका, मग 'खुर्रर्र' असा आवाज, फेसाळलेलं दूध आणि वरून भुरभुरलेली चॉकलेट पावडर. बारावीपर्यंत मी त्यालाच एस्प्रेसो समजत होते. त्यात असते इन्स्टंट कॉफी, आणि मशीनचं काम फक्त वाफेने दूध तापवण्याचं, हे मला कॉलेजला आल्यावर कळलं. (ती कॉफी मला आजही आवडते, हा भाग वेगळा!)

पुढे जाण्याआधी एक कबुलीजबाब. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी आम्हाला 'थर्ड लँग्वेज' म्हणून होतं. त्यामुळे या लेखाचे ऱ्हस्व-दीर्घ माझ्या लातूरच्या रूममेटने तपासले आहेत. जे चुकले असतील ते तिचे, बरोबर आले ते माझे!

आता मुद्द्यावर येते. घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचं तर कोणतं घ्यावं, हा या लेखाचा विषय. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीला हे उद्योग कशाला सुचले, असं तुम्ही म्हणाल. त्याला कारण आमचे बाबा.

बाबा बँकेत होते. मी लहान असताना त्यांची तीन वर्षं चिकमगळूरला बदली झाली होती. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या : मोडकंतोडकं कन्नड आणि फिल्टर कॉफीचं वेड. नाशिकच्या घरी रोज सकाळी साडेसहाला पितळी फिल्टरमधून डिकॉक्शन ठिबकायचं आणि बाबा पेपर मोठ्याने वाचत कॉफी प्यायचे. दोन चमचे साखर घालून. दोन वर्षांपूर्वी त्यांना डायबेटिस निघाला. साखर बंद झाली, आणि बाबांनी कॉफीच सोडून दिली. "बिनसाखरेची कॉफी म्हणजे काढा," असं म्हणाले. फिल्टर गेला शोकेसमधे. पेपर वाचणं चालू राहिलं, पण मनातल्या मनात. सुट्टीत घरी गेले की मला ती गप्प सकाळ फार खटकायची.

म्हणून सेकंड इयरनंतरच्या इंटर्नशिपचे पैसे हातात आले तेव्हा मी आणि दादाने ठरवलं, की बाबांना साखरेशिवाय आवडेल अशी कॉफी करून द्यायची. माझे सोळा हजार, दादाचे चौदा. एकूण तीस हजार.

पहिली चूक

पहिल्याच झटक्यात मी माती खाल्ली. ऑनलाइन सेलमधे पाच हजारांचं मशीन दिसलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'एस्प्रेसो', शेजारी फेसाळ कपाचा फोटो. घेतलं! घरी जाऊन थाटात पहिला कप बाबांपुढे ठेवला. बाबांनी घोट घेतला आणि म्हणाले, "छान आहे गं." मी खूश. अर्ध्या तासाने आत गेले तर कप जसाच्या तसा सिंकच्या कडेला. मी स्वतः चाखून बघितली. जळक्या लाकडाचा काढा! बाबांनी मला वाईट वाटू नये म्हणून तो एक घोट गिळला होता.

ते मशीन आठवड्यात माळ्यावर गेलं. पाच हजार पाण्यात (की वाफेत?). पण ही कॉफी कडू का झाली, याचं उत्तर मला सापडलं ते अशा ठिकाणी जिथे कुणीही आपणहून जात नाही. स्टीम टेबलमधे!

स्टीम टेबल काय सांगतं?

आधी एस्प्रेसो म्हणजे काय ते बघू. एस्प्रेसो हे बियांच्या जातीचं नाव नाही की भाजण्याच्या पद्धतीचं नाही. ती कॉफी काढायची एक रीत आहे. बारीक दळलेली पूड एका धातूच्या चाळणीत (हिला बास्केट म्हणतात) दाबून बसवायची, आणि तिच्यातून साधारण ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी सुमारे ९ बार दाबाने ढकलायचं. पंचवीस-तीस सेकंदांत पुडीच्या साधारण दुप्पट वजनाची दाट कॉफी खाली उतरते. वर तपकिरी सायीसारखा थर येतो, त्याला क्रेमा म्हणतात.

९ बार म्हणजे किती? ५१ मि.मी. व्यासाच्या चाळणीचं क्षेत्रफळ काढा, दाबाने गुणा. उत्तर येतं सुमारे १८७ किलो वजनाइतका जोर! आमच्या बॅचमधले तीन धट्टेकट्टे मुलगे त्या छोट्याशा चकतीवर उभे राहिले तर जेवढा भार पडेल तेवढा.

हा दाब आणायचा कुठून? माझ्या माळ्यावरच्या मशीनमधे पंपच नव्हता. बंद टाकीत पाणी उकळायचं, आणि वाफ कोंडली की तिच्याच दाबाने पाणी पुडीतून ढकललं जायचं. प्रेशर कुकरचा भाऊच. आता स्टीम टेबल काढा. वाफेने दाब हवा असेल तर तापमान वाढवावंच लागतं, दोघांची जोडी फुटत नाही. हवेच्या दाबापेक्षा दीड बार जास्त, म्हणजे टेबलातला अडीच बार, हवा तर पाणी १२७ अंशांवर न्यावं लागतं. आणि वाफेनेच पूर्ण ९ बार काढायचे म्हटले, म्हणजे टेबलातले १० बार, तर १८० अंश! असलं पाणी पुडीपर्यंत पोचताना थोडं निवतं हे खरं, पण तरी ते उकळीच्या आसपासच असतं. म्हणजे दाब कमी आणि पाणी जास्त गरम, दोन्हीकडून बोंब. कॉफी करपणार नाही तर काय?

गंमत म्हणजे इटलीतल्या मंडळींनाही हाच अडथळा आला होता. तुरिनच्या अँजेलो मोरिओन्दोने १८८४ साली वाफेवर कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मधे त्यात मोठी सुधारणा केली आणि पुढे देसिदेरिओ पावोनीने बेझेराचे हक्क विकत घेऊन १९०५ पासून अशी यंत्रं बनवायला सुरुवात केली. पण ती सगळी वाफेवरची. कॉफी झटपट मिळायची, पण करपट. ही जोडी फोडली ती अकिले गॅजियाने. १९३८ मधे त्याने पेटंट घेतलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची दांड्याची यंत्रं आली. तापवायचं काम बॉयलरचं, ढकलायचं काम दांड्याचं आणि स्प्रिंगचं. तापमान वेगळं, दाब वेगळा! तो क्रेमाचा थर तेव्हापासूनचा. पुढे १९६१ मधे फाएमा कंपनीच्या 'ई६१' या यंत्राने दांड्याच्या जागी विजेचा पंप आणला, आणि आजची बहुतेक मशीन्स त्याच घराण्यातली.

म्हणजे माझी पहिली चूक मी पाच हजारांना विकत घेतली, पण ती चूक जग सव्वाशे वर्षांपूर्वी करून बसलं होतं. थोडं बरं वाटलं.

मशीन नंतर, आधी स्वतःला प्रश्न

दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले होते. खोकी बघण्याआधी एक कागद घेतला आणि बाबांबद्दल प्रश्न लिहून काढले. तुम्हीही घरच्यांसाठी (किंवा नोकरी लागल्यावर स्वतःसाठी) मशीन घेणार असाल तर हेच प्रश्न विचारा. माझं ठाम मत झालंय, की चांगलं मशीन-वाईट मशीन असं फारसं नसतंच. आपल्या कपाला जुळणारं आणि न जुळणारं असतं.

*प्रश्न १ : काळी की दुधाची?*

हा सगळ्यात मोठा प्रश्न. कारण कॉफीला पाणी हवं ९३ अंशांच्या आसपास, आणि दूध फेसाळायला वाफ हवी सव्वाशेच्या आसपास. एकाच मशीनने दोन्ही कसं द्यायचं? इथे चार घराणी पडतात.

पहिलं, एकच बॉयलर. त्याला आधी ९३ वर ठेवून कॉफी काढायची, मग बटण दाबून वाफेच्या तापमानाला न्यायचं आणि दूध तापवायचं. मधे थांबावं लागतं. परत काळी कॉफी हवी तर पुन्हा थंड करा. गॅजिया क्लासिक, रॅन्सिलिओ सिल्व्हिया ही या घराण्यातली गाजलेली नावं. काळी कॉफी पिणाऱ्याला किंवा दिवसाला एक-दोन दुधाचे कप करणाऱ्याला हे उत्तम.

दुसरं, थर्मोब्लॉक. यात टाकीच नाही. तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातल्या नागमोडी नळीतून पाणी जाता जाता तापतं. मिनिटाभरात तयार होतं, जागा कमी खातं, स्वस्त पडतं. वाफेचा जोर मात्र बेताचा, आणि तापमान थोडं वरखाली होऊ शकतं.

तिसरं, हीट एक्स्चेंजर. टी.ई.च्या लॅबमधला आपला शेल अँड ट्यूब आठवा! बॉयलर कायम वाफेच्या तापमानाला, आणि त्याच्या पोटातून जाणाऱ्या वेगळ्या नळीत कॉफीचं पाणी. एकीकडे कॉफी उतरतेय आणि दुसरीकडे दूध फेसाळतंय, दोन्ही एका वेळी.

चौथं, दोन बॉयलर. कॉफीचा संसार वेगळा, वाफेचा वेगळा. सगळ्यात सोयीचं, आणि अर्थात सगळ्यात महाग. किंमत सहज लाखाच्या पुढे जाते.

म्हणजे घरात पाच माणसं पाठोपाठ कॅपुचिनो पिणारी असतील तर तिसऱ्या-चौथ्याकडे बघा. एकटा माणूस काळी कॉफी पिणारा असेल तर त्याने दोन बॉयलरचे पैसे देणं म्हणजे एकट्यासाठी अख्खी बस बुक करणं.

*प्रश्न २ : सकाळी वेळ किती?*

मोठ्या बॉयलरचं मशीन नीट तापायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. नुसतं पाणी तापून चालत नाही, पुढचा सगळा धातू तापावा लागतो, नाहीतर तो पाण्याची उष्णता खातो. नऊच्या लेक्चरला आठ पन्नासला उठणाऱ्यांनी (हात वर करा!) थर्मोब्लॉक बघावं, किंवा सरळ कॅप्सूलचं मशीन. कॅप्सूल घाला, बटण दाबा, झालं. चव रोज तीच. पण दर कपाला खर्च जास्त, कचरा होतो आणि त्या मशीनला चालणाऱ्याच कॅप्सूल घ्याव्या लागतात. बिया आपणच दळून कॉफी काढून देणारी पूर्ण ऑटोमॅटिक मशीन्सही असतात. ज्याला कॉफी प्यायची आहे पण करायची नाही, त्याच्यासाठी ती ठीक.

*प्रश्न ३ : खटपटीची हौस आहे का?*

काही जणांना खटपटच आवडते. त्यांच्यासाठी हाताने दाब देण्याची यंत्रं आहेत. पाणी वेगळं तापवायचं, ओतायचं आणि दांडा दाबायचा. वीज नाही, पंप नाही, बिघडायला फारसं काही नाही. दुधाची वाफ मात्र मिळत नाही. आणि ज्यांना 'कंट्रोल सिस्टिम्स' हा विषय आवडतो (असे दोघे आमच्या वर्गात आहेत), त्यांनी पीआयडी असलेलं मशीन बघावं. साधा थर्मोस्टॅट चालू-बंद होत राहतो, त्यामुळे पाण्याचं तापमान झोके घेतं. पीआयडी ते एका जागी धरून ठेवतो.

*प्रश्न ४ : खोक्यावरच्या आकड्यांना भुलणार का?*

'१५ बार', '२० बार' असं खोक्यावर लिहिलेलं असतं. मलाही वाटलं होतं, जास्त बार म्हणजे जास्त भारी. अहो, तो पंपाचा कमाल दाब! पाणी कुठेच जात नसताना तो जास्तीत जास्त किती रेटू शकतो एवढाच त्याचा अर्थ. पुडीवर हवेत ९ च्या आसपास. चांगल्या मशीनमधे जास्तीचा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह असतो. पंधरा बारचा पंप नऊला आवरणारं मशीन, वीस बार मिरवणाऱ्यापेक्षा केव्हाही बरं.

आणि बास्केट कोणती ते विचारा. बऱ्याच घरगुती मशीन्सबरोबर दुहेरी तळाची बास्केट येते. तिला खाली एकच बारीक भोक असतं. पूड कशीही असो, त्या भोकामुळे आत दाब तयार होतो आणि फेस येतो. दुकानातून दळलेली पूड आणणाऱ्यांना ती सोयीची. पण तो फेस चवीचा पुरावा नाही. स्वतः दळणार असाल तर साधी, एकेरी तळाची बास्केट हवी.

खरा हिरो : जातं

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मशीनइतकंच, किंबहुना मशीनपेक्षा जास्त, चवीला कारण असतं ते दळण.

मी म्हटलं घरात मिक्सर आहे की! दळल्या बिया. कॉफी एकाच घोटात आंबटही लागली आणि कडूही. असं कसं? आजीने कोडं सोडवलं. पूड चिमटीत चोळून म्हणाली, "अगं, यात रवाही आहे आणि पीठही आहे. मिक्सर तोडतो, जातं दळतं." बास! मिक्सरचं पातं बियांना वेडंवाकडं तोडतं. जात्यात दाणा दोन दगडांच्या फटीतून जातो, आणि फट ठरलेली असल्यामुळे पूड एकसारखी पडते. कॉफीच्या चांगल्या ग्राइंडरमधे नेमकं हेच असतं. दगडाऐवजी पोलादाच्या किंवा सिरॅमिकच्या खाचा पाडलेल्या दोन चकत्या (किंवा सुळका आणि त्याभोवतीचं कडं), आणि फट कमीजास्त करायला आटे.

फट एवढी महत्त्वाची का? पाणी पुडीतून जाताना आंबट चव आधी सुटते, मग गोडसर, आणि कडवट सगळ्यात शेवटी. पूड जाड असेल तर पाणी भसकन निघून जातं, फक्त आंबटपणा घेऊन. फार बारीक असेल तर पाणी अडकून बसतं आणि कडवटपणाही ओढून आणतं. रवा आणि पीठ एकत्र असेल तर दोन्ही चुका एकाच कपात! आपल्याला हवा मधला गोडवा. बाबांसाठी तर तोच हवा होता. साखरेची जागा भरून काढायची तर ती कॉफीतूनच काढायला हवी.

म्हणून बजेटचा नियम असा : सगळे पैसे मशीनवर उडवू नका. पाव ते एक तृतीयांश पैसे जात्यासाठी राखून ठेवा. वीज नको असेल तर हाताने फिरवायचे ग्राइंडर मिळतात. एका कपापुरतं दळायला मिनिट-दीड मिनिट लागतं, दंडाला व्यायाम होतो.

बिया, पाणी आणि दूध

बियांसाठी इटलीकडे बघायची गरज नाही. उलट इटलीच आपल्याकडे बघते! भारतीय कॉफीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक देश इटलीच आहे, आणि आपली रोबस्टा तिथल्या एस्प्रेसो मिश्रणांत जाते. रोबस्टामुळे कॉफी दाट होते, क्रेमा भरपूर येतो, कडवटपणाही थोडा वाढतो. अरेबिका जास्त सुगंधी आणि थोडी आंबटसर. भारतात सगळ्यात जास्त कॉफी कर्नाटकात होते. आपल्या महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफी पिकते, हे आमच्या वऱ्हाडी मित्रांनी अभिमानाने सांगावं. फिल्टर कॉफी आवडणाऱ्यांना मध्यम ते गडद भाजलेली, थोडी रोबस्टा असलेली कॉफी जवळची वाटते. मात्र चिकोरी घातलेली पूड एस्प्रेसो मशीनमधे नको. ती फिल्टरमधेच शोभते. आणि भाजल्याची तारीख बघून घ्या, महिनाभरात संपेल एवढीच आणा.

पाणी जड असेल तर मशीनच्या आत क्षार साचतात. गीझरच्या कॉइलचं काय होतं ते बोअरवेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. फिल्टरचं मऊ पाणी वापरा, आणि माहितीपुस्तिकेत चालतं म्हणून लिहिलं असेल तर लिंबूफुलाच्या पाण्याने अधूनमधून आतून धुवा.

दुधाचं म्हणाल तर साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवलेलं दूध जिभेला छान गोड लागतं. त्याहून जास्त तापलं की उकळल्या दुधाची चव येते. यावरून घरात आईशी जुंपली, कारण न उकळलेलं दूध आमच्या घरात चालत नाही! तह असा झाला : दूध नेहमीसारखं उकळायचं, साय काढायची, फ्रिजमधे गार करायचं आणि मग तेच साठ अंशांपर्यंत फेसाळायचं. दोन्ही पक्ष खूश. (दुधातही स्वतःची साखर असते, म्हणून बाबांचा दिवसाला एकच कप डॉक्टरांना विचारून ठरवला.)

आम्ही काय घेतलं

आता कागदावरची उत्तरं बघा. पिणारा माणूस एक (आई चहाशी एकनिष्ठ). कप एक, दुधाचा. चव गडद, दाट. वेळ भरपूर, कारण बाबा रिटायर झालेत. पण ओटा छोटा. शिल्लक रक्कम पंचवीस हजार.

एका कपासाठी दोन बॉयलर नकोच होते, आणि बॉयलरचं चांगलं मशीन आणि जातं दोन्ही पंचवीसात बसेना. म्हणून साडेसोळा हजारांचं छोटं थर्मोब्लॉक मशीन, सात हजारांचं हाताचं ग्राइंडर आणि अकराशेची एकेरी बास्केट. एकूण चोवीस हजार सहाशे. उरलेल्या चारशेची कॉफी! मशीनची वाफ बेताची आहे, पण एका कपापुरती पुरते. मैत्रीण म्हणाली, अजून थोडे पैसे साठवून मोठं घ्यायचं होतंस. पण मला बाबांची अजून एक गप्प दिवाळी नको होती.

पहिला आठवडा भयंकर गेला. कधी आठ सेकंदांत कॉफी भसकन बाहेर, कधी थेंब गळेना. मी तर रडकुंडीला आले. पण इथे बाबांच्यातला बँकवाला जागा झाला. त्यांनी एक जुनी डायरी काढली, पट्टीने रकाने आखले : तारीख, पूड ग्रॅममधे, ग्राइंडरचा आकडा, सेकंद, कपातलं वजन, शेरा. आणि नियम केला की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. (आपल्या लॅब जर्नलमधे आपण हे कधी करतो का? आपण आधी ग्राफ काढतो आणि मग रीडिंग बसवतो!) आंबट आली की दळण एक आटा बारीक. कडू आली की एक आटा जाड. सुट्टी संपवून मी हॉस्टेलला परत आले तेव्हा शेऱ्यात अजून 'आंबट', 'बरी', 'कडू', 'आंबट' असंच चाललं होतं.

हॉस्टेलवाल्यांसाठी

रेक्टर मॅडम हा लेख वाचणार आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते : यातलं काहीही हॉस्टेलच्या रूमवर चालवायचं नाही! तेराशे वॅटचं मशीन आपल्या वायरिंगला झेपणार नाही, आणि एका विंगचा फ्यूज उडाला की सबमिशनच्या रात्री आपल्याला कोण वाचवेल?

आणि खरं सांगू का, प्रत्येकाला एस्प्रेसो मशीन लागतंच असं नाही. मगात साखर-कॉफी फेटून केलेल्या कॉफीवर तुम्ही सुखी असाल तर सुखी राहा. घरी गॅसवर कडक कॉफी हवी असेल तर मोका पॉट घ्या. १९३३ सालची बियालेत्तीची ही छोटी किटली वाफेच्या थोड्याशा दाबावर चालते. ती एस्प्रेसो नव्हे, पण दूध घालून झकास लागते. मंद आच ठेवा, गुरगुर सुरू झाली की उतरवा. पितळी फिल्टर तर त्याहून स्वस्त. मशीन तेव्हाच घ्या जेव्हा तुम्हाला नेमका कोणता कप हवा ते माहीत असेल. नाहीतर माळ्यावर माझ्या मशीनशेजारी जागा आहे!

शेवटी एवढंच. मागच्या महिन्यात आईने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. बाबांच्या डायरीचं पान. वर बाबांचं बँकेतलं वळणदार अक्षर : 'पूड १५ ग्रॅम. वेळ २७ सेकंद. कप ३० ग्रॅम. शेरा : उत्तम.' आणि त्यापुढे त्यांनी एक नवीनच रकाना आखला होता, साखरेचा. त्यात लिहिलं होतं, 'निरंक'.

खाली आईचा मेसेज होता : "आजपासून पेपर परत मोठ्याने सुरू झालाय. डोकं उठलंय माझं."

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी